वेशीबाहेरची एकतीस नावं

आमच्या ग्राउबाखमध्ये थोर माणसाला नुसतं मरून भागत नाही. चांभार मेला, विणकर मेला, की घंटेचे चार टोले, एक गीत आणि खड्डा. महापौर मेला की पाद्री त्याचं अख्खं आयुष्य चर्चमध्ये वाचून दाखवतो. बाप कोण, आई कोण, शिक्षण कुठे झालं, मुलं किती झाली आणि किती उरली, कुठल्या दुखण्याने किती दिवस छळलं. मग तेच सगळं छापायला लाइप्झिगला जातं आणि दोनशे पुस्तिका होऊन परत येतं. त्या पुस्तिकेचं शेवटचं पान सगळे आधी उघडतात. माणूस गेला कसा, ते तिथे असतं. शांतपणे, देवावर भरवसा ठेवून गेला, तर वर त्याची सोय झाली म्हणून समजायचं. तडफडत, ओरडत गेला, तर तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण विहिरीवर दोन आठवडे दुसरा विषय नसतो.

महापौर मेल्खिओर क्राउझेने हे काम आधीच उरकून ठेवलं होतं. हिशेबी माणूस. स्वतःचं आयुष्य सोळा पानांत, सुबक अक्षरात, स्वतःच लिहून काढलं होतं आणि शेवटचं पान कोरं सोडलं होतं. तेवढं एकच पान त्याला दुसऱ्याच्या भरवशावर टाकावं लागलं.

१६५१ सालच्या फेब्रुवारीत तो अकरा दिवस मरत होता. उशाशी बसायला घरच्यांनी युस्टिना लिंडनरला बोलावलं. युस्टिना म्हणजे गावची मढी धुणारी. आजाऱ्याजवळ बसायचं, ओठ ओले करायचे, जीव गेला की अंग पुसायचं, जबडा बांधायचा, डोळे मिटायचे. वय चव्वेचाळीस, पण साठीची दिसायची. तिच्या हाताखालून गेलेला माणूस नुकता डोळा लागल्यासारखा दिसतो, अशी तिची ख्याती होती. कपाळावरच्या आठ्या ती गरम फडक्याने आणि अंगठ्याने अशा दाबायची, की जन्मभर खेकसत राहिलेला सावकारसुद्धा पेटीत गरीब गाय दिसावा. अशा बाईच्या तोंडाकडे कुणी पाहत नाही. तिच्या हातांकडे पाहतात, आणि तेही लांबून.

त्यामुळे ती कुणाची बायको होती, हे क्राउझेंच्या घरात कुणाच्या ध्यानात नव्हतं. किंवा असेलही, आणि त्यांनी ते गिळलं असेल. आम्ही ग्राउबाखची माणसं त्यात पटाईत आहोत.

युस्टिना वेशीबाहेरची. नदीकाठी कातडी कमावणाऱ्यांची वस्ती होती. वासामुळे त्यांना भिंतीच्या आत जागा नव्हती. सदतीस साली स्वीडिश फौज आली त्या दिवशी युस्टिना सकाळीच एका म्हातारीचं मढं धुवायला गावात आली होती. नवरा फाल्टीन आणि दोन मुली घरी होत्या. धोक्याची घंटा वाजली आणि वस्तीतली माणसं हातातलं काम टाकून वेशीकडे धावली. वेस बंद झाली होती. घोडेस्वार अजून टेकडीपलीकडे होते, अर्धा तास तरी हाताशी होता. हे नंतर सगळ्यांनीच मान्य केलं, हळू आवाजात.

वेशीची किल्ली मेल्खिओर क्राउझेच्या कोटात होती. युस्टिनाने त्याचे बूट धरले. "साहेब, दिंडीदरवाजा तरी उघडा. एकेकाला घ्या. माझ्या पोरी आहेत हो." तो म्हणाला, "एकाला घेतलं की सगळे घुसतील. त्यांच्यामागून कोण येईल, सांगता येतं का?" मग कुणीतरी तिला काखेत धरून मागे ओढलं. दारावर आधी मोठे हात पडत होते, मग लहान हातही पडायला लागले, खाली, गुडघ्याच्या उंचीवर. "आई" म्हणून कोण ओरडतंय, ते तिला ओळखू आलं. मग घोड्यांच्या टापा ऐकू आल्या.

एकतीस माणसं मेली. त्यांना चुन्याच्या खड्ड्यात एकत्र पुरलं. वस्तीतलं छोटं चर्च जळलं आणि बाप्तिस्म्याची वहीही जळली. म्हणजे ही माणसं जन्मली होती, याचाही कागद उरला नाही. गावच्या वहीत त्या वर्षी एक ओळ पडली, 'वेशीबाहेर काही गरीब लोक मेले.' युस्टिना तीनदा जुन्या पाद्र्याकडे गेली, नावं घाला म्हणून. तिन्ही वेळा तो म्हणाला, बघू. तिला लिहिता येत नव्हतं. तिने तागाच्या एका पट्टीला एकतीस गाठी मारल्या आणि ती कमरेला बांधली. चौदा वर्षं फडकं पिळताना ती एकेक गाठ चाचपत होती आणि नावं म्हणत होती. एक नाव जरी विसरलं, तर ते माणूस पुन्हा मरेल, अशी तिला भीती वाटायची. आणि ती स्वतः मेली की सगळी एकदमच गेली.

दुखण्याच्या चौथ्या दिवशी पाद्री टोबियास फोग्ट यांनी ती सोळा पानं महापौराच्या उशाशी वाचून दाखवली, काही राहिलं का ते पाहायला. युस्टिना कोपऱ्यात फडकं पिळत होती. सदतीस साल आलं. 'त्या वर्षी देवाच्या कृपेने आणि माझ्या सावधपणाने गावाचं रक्षण झालं.' एवढंच. पाद्री पुढच्या सालावर गेले. महापौराने मान हलवली, बरोबर म्हणून.

युस्टिनाने पिळलेलं फडकं पुन्हा पिळलं.

अकरावा दिवस रविवारचा होता. चर्चमध्ये मंडळी महापौरासाठी प्रार्थना करणार होती आणि तेव्हा घरचा बाक रिकामा राहणं बरं दिसलं नसतं. सगळं घर गेलं. निघताना मुलगी रेगीना दारात थांबली. तिशीतली बाई, बापावर जीव टाकणारी, अकरा दिवसांत अर्धी झाली होती.

"वेळ आलीशी वाटली तर त्यांना विचारशील ना, युस्टिना? विसरू नकोस."

"विसरेन कशी, रेगीनाबाई? एवढ्या जणांना विचारलंय."

विचारायचं म्हणजे काय, तर मरणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, तोंड कानाशी न्यायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "प्रभू येशूवर तुमचा भरवसा आहे का?" वाचा गेलेली असली तरी तो हात दाबतो. तीच खूण. ती खूण मिळाली की रडायला हरकत नाही. न मिळता माणूस गेला, तर घरचे उरलेलं आयुष्य मान खाली घालून काढतात.

प्रवचनाची वेळ झाली असेल, तेव्हा महापौराचा श्वास बदलला. युस्टिनाला तो आवाज पाठ होता. ती जवळ सरकली. त्याने डोळे उघडले आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. ओळखलं की नाही, देव जाणे.

"विचार," तो म्हणाला.

तिने त्याचा हात घेतला, तोंड कानाशी नेलं. खरं सांगायचं तर ती विचारणारच होती. वैऱ्यालासुद्धा विचारावं, एवढं तिचं मन साफ होतं. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"फाल्टीन लिंडनर," ती म्हणाली.

त्याने हात दाबला. त्याला वाटलं, हाच प्रश्न असणार.

"हा माझा नवरा. वेशीबाहेर होता."

"विचार ना गं."

"मात्थेस ग्रुबर. त्याची बायको ओटीलिया. तिला सातवा लागला होता."

त्याने हात दाबला, पुन्हा दाबला. घामाने त्याची उशी भिजली होती. "बाई," तो म्हणाला, "बाई, विचार." डोळे मोठे झाले होते, तो दरवाज्याकडे पाहत होता. युस्टिनाला थांबता येईना. उर्बान. उर्बानची आई, तिला सगळे नुसतं म्हातारी बेर्ता म्हणायचे. जुळे भाऊ क्लेमेन्स आणि यॉर्ग. प्रत्येक नावाला तो हात दाबत होता, आता तरी विचारेल म्हणून. एकोणिसाव्या नावाला त्याने दाबलं आणि मग त्या हातातला जोर गेला. तोंड उघडं, डोळे उघडे, कपाळ आवळलेलं. असा चेहरा तिने दोनतीनदाच पाहिला होता, तेही बुडालेल्यांचा.

उरलेली बारा नावं तिने मेलेल्या कानात सांगितली. शेवटची दोन तिच्या मुलींची. दोरोथेया, सात वर्षांची. एवा, चार वर्षांची.

तिला वाटायचं, हे एकदा त्याला ऐकवलं की मोकळं वाटेल. काही मोकळं वाटलं नाही. या माणसाने आत घे म्हणून विनवलं होतं, किल्ली तिच्याजवळ होती आणि तिने ती फिरवली नव्हती. तिला रडू फुटलं, कुणासाठी ते तिचं तिलाच कळेना.

मग तिने डोळे पुसले, पाणी गरम केलं आणि कामाला लागली. लोक चर्चमधून परतले तेव्हा मेल्खिओर क्राउझे डोळा लागल्यासारखा पडला होता. रेगीनाने बापाचं कपाळ पाहिलं आणि हुंदका दिला. "किती शांत दिसतात!"

सोमवारी दुपारी पाद्री टोबियास कागद घेऊन आले. बैठकीच्या खोलीत रेगीना होती, टेबलावर बीअरचं सूप निवत होतं. पाद्री सात वर्षांपूर्वी गावात आलेले. सज्जन माणूस, पण घाबरट. युस्टिना दाराशी उभी राहिली.

"बस की," पाद्री म्हणाले. "शेवटचं पान लिहायचंय. तू एकटीच होतीस. खूण दिली का त्यांनी?"

"हात दाबला."

"किती वेळा?"

"एकोणीस."

पाद्र्यांनी लेखणी वर उचलली. "एकोणीस?"

"मी मोजले."

"'पुन्हा पुन्हा' असं लिहितो," पाद्री म्हणाले. "आणि प्रश्न तू नीट विचारला होतास?"

युस्टिनाने नजर खाली वळवली. पाद्र्यांनी मान वर केली.

रेगीना मध्ये पडली. "पाद्रीसाहेब, नुसतं लिहून चालायचं नाही. काल संध्याकाळी आमची मोलकरीण विहिरीवरून रडत आली. बायका म्हणत होत्या, वेस बंद करणाऱ्याला शांत मरण कुठलं? घरातली सगळी बाहेर असताना गेला, यातच काय ते समजा, म्हणे. युस्टिनाने शपथेवर सांगू दे. बायबलवर. आणि शपथेवर सांगितलं, असंही छापा."

युस्टिनाने दोघांकडे पाहिलं. वही जळते, तिच्या मनात आलं. दोनशे पुस्तिका, लाइप्झिगला, ड्रेस्डेनला, कुठे कुठे गेलेल्या, एकदम जळत नाहीत.

"घेते शपथ," ती म्हणाली. "पण त्याआधी त्याच पुस्तिकेत एकतीस नावं घाला. सदतीस सालात. आणि चर्चमध्ये मोठ्याने वाचा."

"कसली नावं?"

तिने कमरेची पट्टी सोडून टेबलावर ठेवली.

पाद्र्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते लाल झाले. "अगं, हे महापौरांचं चरित्र आहे! त्यात चांभार आणि कातडीवाले? असं कधी कुणी केलंय? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे काय म्हणायचं ते. नाहीतर मला आठवत नाही त्यांनी हात कशाला दाबला ते."

"हा अडवणुकीचा धंदा झाला!"

"हो," युस्टिना म्हणाली. "अडवून धरायला मी वेशीवरच शिकले."

रेगीना खिडकीपाशी गेली. तिथून वेशीचा बुरूज दिसतो. "मी सोळा वर्षांची होते," ती म्हणाली. "याच खिडकीत. आईने माझे कान दाबून धरले होते. तरी ऐकू येत होतं." मग वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "लिहा, पाद्रीसाहेब. वर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, पण नावं लिहा. माझ्या बाबांना शांत मरण हवंय मला."

युस्टिनाला त्या क्षणी तिची दया आली, आणि स्वतःचा रागही आला. पण तिने पट्टीची पहिली गाठ चिमटीत धरली आणि नाव सांगितलं.

लिहून व्हायला तास गेला. शेवटी पाद्र्यांनी सगळी नावं वाचून दाखवली आणि युस्टिना गाठी मोजत गेली. एकतीस. एकही चुकलं नव्हतं. मग पाद्र्यांनी रेगीनाला जरा बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटलं.

"युस्टिना," ते हळूच म्हणाले, "लेखनिक म्हणून नाही, तुझा पाद्री म्हणून बोलतो. मी मूर्ख नाही. काल काय झालं ते मला माहीत नाही, पण तू माझ्या डोळ्यांत बघत नाहीस. खोटी शपथ घेणारा थेट नरकात जातो, ते तुला ठाऊक आहे ना?"

"लहानपणापासून ऐकतेय."

"पश्चात्तापाला क्षमा आहे. पण पश्चात्ताप म्हणजे खरं सांगणं आलं. उद्या, वर्षाने, मरताना, कधीही येऊन मला खरं सांगितलंस, तर त्याच दिवशी मला पुस्तिका मागे घ्याव्या लागतील. सगळ्या. जाळाव्या लागतील. नावंही त्यातच गेली. कळतंय का मी काय म्हणतो?"

"म्हणजे मला कधीच सांगता येणार नाही."

"कधीच नाही. आणि न सांगता मेलीस, तर..." त्यांचे डोळे भरले होते. "अजून वेळ आहे. विचारलं नाही म्हण. मी काहीतरी सौम्य शब्द शोधीन. निराधार बायकांच्या आश्रयघरातला तुझा पलंग जाणार नाही, एवढं बघेन."

"आणि नावं?"

पाद्र्यांनी नावांचा कागद उलटा करून ठेवला.

युस्टिना पट्टीकडे पाहत राहिली. तिला फाल्टीन आठवला, त्याच्या हातांना येणारा, कातडी कमावायच्या ओकच्या सालीचा वास आठवला. मुलींचे चेहरे आता तिला नीट आठवत नव्हते, आवाज तेवढे आठवायचे. मेल्यावर चेहरे पुन्हा पाहायला मिळतील, याच एका आशेवर तिने चौदा वर्षं काढली होती. पाद्री बरोबर सांगत होते. काय द्यावं लागणार, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"बोलवा रेगीनाबाईंना," ती म्हणाली.

रेगीनासमोर तिने डावा हात बायबलवर ठेवला आणि उजव्या हाताची तीन बोटं वर केली. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा. बोटं पाण्यात राहून राहून पांढरी, सुरकुतलेली झाली होती. "मी महापौरसाहेबांना विचारलं, प्रभू येशूवर भरवसा आहे का," ती म्हणाली, "आणि त्यांनी माझा हात पुन्हा पुन्हा दाबला आणि ते शांतपणे गेले." आवाज जरासुद्धा कापला नाही. रेगीनाने तिला मिठी मारली. युस्टिनाचे हात तिच्या पाठीवर गेले नाहीत.

गुरुवारी महापौराला चर्चमध्ये, वेदीजवळ पुरलं. सगळा गाव लोटला होता. युस्टिना मागच्या बाकावर, आश्रयघरातल्या बायकांमध्ये बसली होती. बाप, आई, शिक्षण, लग्न, सगळं झालं. सदतीस सालाशी पाद्री थांबले, पाणी प्यायले. एक क्षण युस्टिनाला वाटलं, हा घाबरट माणूस पान उलटणार.

"त्या वर्षी गावाचं रक्षण झालं," पाद्र्यांनी वाचलं, "आणि वेशीबाहेर पुढील माणसं मरण पावली. फाल्टीन लिंडनर. मात्थेस ग्रुबर. त्याची पत्नी ओटीलिया आणि तिच्या पोटातलं मूल."

पुढच्या बाकांवरच्या माना खाली गेल्या. म्हातारा रंगारी नावं ऐकताऐकता उठून उभा राहिला, कारण उर्बान त्याचा मावसभाऊ होता आणि हे त्याने चौदा वर्षांत एकदाही कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्यामागून आणखी चार जण उठले. पाद्र्यांचा आवाज कापत होता, पण त्यांनी एकही नाव गाळलं नाही. दोरोथेया, वय सात. एवा, वय चार. मग ते शेवटच्या पानावर आले आणि शपथेवर सांगितलेली शेवटची घटका त्यांनी वाचली. मंडळींनी एकदम श्वास सोडला. रेगीना रडत होती, पण मान ताठ होती.

मग घंटा वाजायला लागली. महापौराचीच घंटा, पण मागच्या बाकांवर कुणी ती त्याच्यासाठी ऐकत नव्हतं.

युस्टिनाच्या शेजारी बार्बेल नावाची आंधळी म्हातारी बसत असे. तिने चाचपडत युस्टिनाचा हात धरला. "केवढं काम केलंस गं! आता वर गेलीस की तुझ्या पोरी धावत येतील बघ पुढे. आई आली, आई आली, करत."

युस्टिनाने कमरेला हात लावला. पट्टी क्राउझेंच्या टेबलावरच राहिली होती. आता तिची गरज नव्हती.

"नाही गं, बार्बेल," ती म्हणाली. "त्या आत आहेत. मी बाहेर."